उपयोजित गणिताची पदवी : विषयांचा क्रम आणि विषयांची निवड



बारावीचा निकाल लागला आणि मुलाला किंवा मुलीला गणितात उत्तम गुण मिळाले, की घरात साधारणतः दोनच मार्गांची चर्चा होते : सी.ए. किंवा इंजिनिअरिंग. दोन्ही मार्ग उत्तमच आहेत. परंतु ज्याला गणित हेच मनापासून प्रिय आहे, त्याच्यासाठी उपयोजित गणिताच्या पदवीचा तिसरा राजमार्गही खुला आहे. या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण सहसा बुद्धीची नसते, नियोजनाची असते. कोणता विषय सोपा, कोणत्या तासाची वेळ सोयीची, एवढ्याच विचाराने विषय घेतले जातात आणि पुढची दारे बंद झाल्याचे अखेरच्या वर्षी ध्यानात येते. म्हणून विषयांचा क्रम आणि विषयांची निवड यांचा विचार प्रवेशाच्या वेळीच व्हावयास हवा.

या नियोजनाचा एक आदर्श परंपरेतच उपलब्ध आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची नऊ प्रकरणे पाहावीत. प्रथम संज्ञा आणि मापे, नंतर मूलभूत क्रिया, नंतर अपूर्णांक, पुढे संकीर्ण उदाहरणे व त्रैराशिक. एवढी सिद्धता झाल्यावरच व्याज आणि मिश्रणे, क्षेत्रफळ, खोदकाम व छाया यांचे व्यवहार येतात. आधी साधने, मग व्यवहार : साडेअकराशे वर्षांपूर्वीचा हा क्रम आजच्या पदवीलाही तंतोतंत लागू पडतो.

आता पदवीची चौकट पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, लागतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास अध्यापन किंवा ३० तास प्रात्यक्षिक. मुख्य विषयासोबत एक दुय्यम विषय आणि काही मुक्त निवडीचे विषय असतात. मुख्य विषयाचा क्रम बहुतांशी विद्यापीठच ठरवून देते. विद्यार्थ्याच्या हाती उरते ते दुय्यम व ऐच्छिक विषयांची निवड. खरे नियोजन तेथेच करावयाचे असते.

पहिली दोन वर्षे साधनांची. कॅल्क्युलस, म्हणजे कलनशास्त्र, हा पाया. त्याच्या जोडीला रेषीय बीजगणित आणि संगणकाची एखादी भाषा, उदाहरणार्थ पायथन, पहिल्याच वर्षी सुरू व्हावी. दुसऱ्या वर्षी अनेक चलांचे कलन, विकलक समीकरणे, संभाव्यता आणि संख्याशास्त्र. येथे क्रम मोडला तर विद्यार्थी अडखळतो. दोन चलांची संभाव्यता दुहेरी संकलनावाचून समजत नाही. उष्णतेच्या वहनाचे समीकरण अनेक चलांच्या कलनावाचून सुटत नाही. आणि आज ज्याचा सर्वत्र बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाभा रेषीय बीजगणित व संभाव्यता हाच आहे.

तिसरे वर्ष व्यवहाराचे. येथे मात्र मुक्कामाचे गाव आधी ठरवून मागे मागे यावे लागते. आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. करावयाची असेल तर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. तिच्या गणित विषयात रिअल ॲनालिसिस, रेषीय बीजगणित व विकलक समीकरणे यांना मोठे स्थान आहे. संख्याशास्त्राकडे वळणाऱ्यासाठी त्याच परीक्षेत गणितीय संख्याशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. त्याने दुय्यम विषय म्हणून संख्याशास्त्र पहिल्यापासूनच धरावे. विमा क्षेत्रातील ॲक्चुअरी होण्याची आकांक्षा असेल तर बारावीनंतरच इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा देता येते. तेथील आरंभीच्या विषयांत संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि चक्रवाढ व्याजाचे गणित आहे. ज्या घरांत हुंडी आणि व्याजाचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या होत आले, त्यांना हा विषय परका वाटू नये.

एक सावधानता आवश्यक आहे. ‘उपयोजित गणितात सिद्धता कशाला?’ असे म्हणून रिअल ॲनालिसिस टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. सूत्र कोठे चालते हे सारेच सांगतात. ते कोठे चालत नाही हे सिद्धतेच्या अभ्यासातून कळते. संगणक उत्तर देतो, पण ते उत्तर विश्वासार्ह आहे काय, हा निवाडा माणसालाच करावा लागतो.

अखेरच्या वर्षात एक प्रकल्प अवश्य असावा आणि तो आपल्याच भूमीतला असावा. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक प्राणास मुकले. एका अरुंद वाटेने दर मिनिटाला किती माणसे सुरक्षित जाऊ शकतात, आणि येणारा ओघ त्याहून अधिक झाला तर गर्दी किती वेळात धोक्याच्या पातळीस पोहोचते, हा विकलक समीकरणांचा प्रश्न आहे. लासलगावचा कांदा कोणत्या गोदामातून कोणत्या शहरी पाठविल्यास वाहतूक खर्च किमान होईल, हा रेषीय नियोजनाचा प्रश्न आहे. असे प्रश्न हाती घेणारा विद्यार्थी मुलाखतीत गुणपत्रिकेपलीकडचे काही दाखवू शकतो.

येथे देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे स्मरण उचित ठरेल. शाळेत शिक्षक राहून, कागद आणि पेन्सिल एवढ्याच साधनांवर त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला आणि ती संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. त्यांचे क्षेत्र शुद्ध अंकगणिताचे. पण थोर काम करण्यास नाशिक परिसर अपुरा पडत नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

बंधू-भगिनींनो, विनंती एवढीच : प्रवेशापूर्वी पाल्यासह एक संध्याकाळ काढावी. एका कागदावर सहा किंवा आठ सत्रांचे रकाने आखावेत. शेवटच्या रकान्यात ध्येय लिहावे, त्यासाठी कोणता विषय हवा, त्या विषयाआधी कोणता, असे पहिल्या रकान्यापर्यंत मागे यावे आणि तो कागद महाविद्यालयातील प्राध्यापकांना दाखवून तपासून घ्यावा. दर सत्राअखेरीस तो पुन्हा पाहावा. आवड बदलली तर शेवटचे रकाने खुशाल बदलावेत, पहिले मात्र पक्के असू द्यावेत. पुंजी भांडवलात घालण्यापूर्वी व्यापारी दहा वेळा विचार करतो; मुलांच्या आयुष्याची तीन-चार वर्षे ही त्याहून मोठी पुंजी आहे.

जय जिनेंद्र.