परत आलेल्या थोरांचा दुसरा दिवस

अप्टन सिंक्लेअर हा अमेरिकन लेखक मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडला परका वाटू नये. 1906 साली त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची ती कहाणी. ती वाचून अमेरिका इतकी हादरली की त्याच वर्षी तिथल्या सरकारला मांस तपासणीचा कायदा करावा लागला. गाव सोडून आलेला माणूस, एका खोलीत दाटीनं राहणारी बिऱ्हाडं, यंत्रात सापडलेला हात, थकलेलं भाडं. यातलं काय इथल्या चाळींना ठाऊक नव्हतं? म्हणूनच याच लेखकाच्या दुसऱ्या एका छोट्या कादंबरीनं माझी जी निराशा केली, तिच्याबद्दल आज तुमच्यापुढे बोलायचं ठरवलं. एखादा सामान्य लेखक फसला, तर त्यावर व्याख्यान देण्याचं कारण नसतं. सिंक्लेअर फसतो, तेव्हा तो का फसला हे बघावंच लागतं.

ती कादंबरी म्हणजे 1922 सालची ‘दे कॉल मी कार्पेंटर’. कल्पना मोठी आहे. अमेरिकेतल्या एका आधुनिक शहरात बिली नावाचा श्रीमंत घरचा तरुण एक जर्मन चित्रपट बघायला जातो. परदेशी चित्रपट नको म्हणून थेटराबाहेर जमाव दंगा करत असतो. त्या मारहाणीत जखमी झालेला बिली जवळच्या चर्चमध्ये शिरतो, आणि तिथल्या रंगीत काचेच्या खिडकीतून साक्षात येशू उतरून त्याच्याबरोबर रस्त्यावर येतो. नाव सांगतो कार्पेंटर, म्हणजे सुतार. त्याला सिनेमावाले भेटतात, नटी भेटते, संपकरी भेटतात.

इथवर वाचताना हातातलं पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही. पुढे मात्र आपल्या ध्यानात येतं की लेखकानं सगळ्या जागा आधीच भरून ठेवल्या आहेत. बायबलातली मेरी मॅग्डालीन ती ही नटी, तेव्हाचे धर्ममार्तंड ते हे धनिकांचे पाद्री, तेव्हाचा पिसाळलेला जमाव तो हा माजी सैनिकांचा. येशू बोलतो तेही शुभवर्तमानातलंच, फक्त संदर्भ नवे. या नव्या शहरातली एकही गोष्ट त्याला कोड्यात टाकत नाही. तो काही शिकत नाही, कुणापाशी अडत नाही. शेवटी त्याची विटंबना होते, असह्य होऊन तो पुन्हा खिडकीत जातो, आणि बिलीला जाग येते. सगळा भ्रमच होता! कत्तलखान्यातला एकही तपशील न टाळणाऱ्या लेखकानं इथे मात्र सुटकेची वाट काढून ठेवली. मला राग येतो तो या गोष्टीचा.

थोरांना परत आणून ठरलेलं बोलायला लावण्याचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. गणपतीच्या दिवसांत करी रोडपासून लालबागपर्यंत एक फेरी मारा. निम्म्या मंडळांच्या देखाव्यांत महाराज, टिळक, बाबासाहेब परत आलेले दिसतात. पडदा सरकतो, दिवा पडतो, ध्वनिफितीवरून भारदस्त आवाजात आजच्या महाराष्ट्राची खरडपट्टी निघते, आणि रांग पुढे सरकते. देखाव्याला तेवढं पुरतं, कारण त्याचं आयुष्यच दहा मिनिटांचं. सिंक्लेअरची कादंबरी हा असाच देखावा आहे, पण तो चालतो अख्ख्या पुस्तकाच्या लांबीइतका.

थोर माणूस परत येतो त्याचा पहिला दिवस लिहिणं सोपं असतं. लोकांचा अचंबा, ओळख न पटणं, मोटारी, उंच इमारती, मग एक दणदणीत भाषण. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी. तो रात्री झोपला कुठे? कुणाच्या घरी जेवला? सकाळी पाण्याच्या रांगेत कुणाशी वाजलं? त्याचं कुठलं मत इथे चुकीचं ठरलं? कादंबरीला हे लिहावं लागतं. दुसरा दिवस टाळायचा असेल तर कादंबरी लिहू नये.

दोस्तोयव्हस्कीला हे कळलं होतं. ‘कारामाझॉव्ह बंधू’मध्ये येशू सोळाव्या शतकातल्या सेव्हिल शहरात परततो, पण ते एक प्रकरण आहे, कादंबरी नव्हे, आणि त्यातल्या तुरुंगातल्या भेटीत येशू एक शब्दही बोलत नाही. बोलतो तो त्याला कैद करणारा म्हातारा धर्माधिकारी. कुसुमाग्रजांच्या ‘अखेर कमाई’त पाच पुतळे मध्यरात्रीनंतर एकत्र येऊन आपापलं दुःख सांगतात आणि कविता संपते. तिला तेवढीच रात्र हवी होती.

2009 सालचा ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ हा चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. सचिन खेडेकरांचा बँकेतला कारकून दिनकर भोसले स्वतःच्या मराठीपणालाच दोष देत बसलेला असतो, आणि महाराज त्याला फैलावर घेतात. तो प्रसंग मला आजही आवडतो, कारण महाराज तिथे शत्रूला नव्हे, आपल्याच माणसाला जाब विचारतात. पुढे मात्र दिनकर जे करेल त्याला महाराजांची संमती गृहीत धरली जाते. महाराजांनी एकदा तरी त्याला अडवायला हवं होतं. 2012 मध्ये आलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक मला म्हणून मोठं वाटतं. राजकुमार तांगडे यांचं लेखन, संभाजी भगत यांची कल्पना आणि संगीत, नंदू माधव यांचं दिग्दर्शन. यमाला महाराजांना न्यायचं आहे, पण त्यांच्या विचारांसकट. विचार मात्र इथेच मागे राहतात, आणि यमाला ते शोधत भीमनगरात हिंडावं लागतं. महाराजांना भाषण न देताही नाटक रात्रभर त्यांच्याचबद्दल बोलतं.

सगळ्यांत पुढे गेलेला माणूस मात्र आपल्या गिरणगावातला. नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेलं हे पोर. त्यांची कार्ल मार्क्सवरची कविता तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल, म्हणून ओळी म्हणून दाखवत नाही. फक्त तिच्यातला मार्क्स कसा बदलतो तेवढं बघा. आधी तो मिरवणुकीतल्या फलकावर आहे, आणि जानकी अक्का त्याची ओळख करून देते, एखाद्या सोयऱ्याची द्यावी तशी, त्याच्या पोराबाळांसकट. मग पुढच्या एका सभेत तो स्वतः पुढे होऊन बोलतो. आणि नंतर गेट मीटिंगला तो गर्दीत उभा राहून ऐकतो. बोलणारा कवी, ऐकणारा मार्क्स! टाळीही वाजवतो, आणि खांद्यावर हात ठेवून कवितेची चौकशी करतो. चित्र, वक्ता, श्रोता. पानभर कवितेत सुर्व्यांनी मार्क्सला दुसरा दिवसच काय, अनेक वर्षं दिली. ज्या जगातून एवढा विचार उभा राहिला, त्या जगानं आपल्याला ऐकवावं आणि आपण ऐकावं, ही नम्रता सिंक्लेअरच्या येशूच्या वाट्याला आली नाही.

मग मराठीत अशी कादंबरी लिहायची तर कुणाला परत आणावं? ज्या डिलाईल रोडलगत आपण बसलो आहोत, त्याला सरकारी नाव आहे ना. म. जोशी यांचं. 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे नारायण मल्हार जोशी. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या परिषदेनं कारखान्यांसाठी दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले, पण हिंदुस्थानासाठी अपवाद करून आठवड्याला साठ. 1922 साली इथल्या कायद्यात आले ते साठच. 1934 साली बारमाही कारखान्यांत चोपन्न झाले. अठ्ठेचाळीस पुढे स्वातंत्र्याच्या आसपास आले. 1955 साली जोशी गेले.

या माणसाला डिलाईल रोडवर उतरवा. ते महाराजांसारखे तळपते नाहीत, तलवार नाही, पेहराव नाही. 1929 साली नागपूरला आयटक या कामगार महासंघातून ते बाहेर पडले. डाव्यांशी त्यांचं पटलं नाही, आणि सुर्व्यांचा मार्क्स त्यांना भेटला तर पहिल्याच चहाला वाद होईल. तो वाद लिहा. पहिल्या दिवशी ते गिरण्यांच्या जागी झालेले मॉल आणि काचेच्या कचेऱ्या बघतील, ते एका पानात उरका. दुसऱ्या दिवशी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जिन्यात धापा टाकणाऱ्या पोराला ते विचारतील, तुझे तास किती? पोरगा मोबाइल दाखवेल. त्यात तासांचा हिशेब नाही, फेऱ्यांचा आहे. मालक कोण विचारलं, तर त्याला सांगता येणार नाही. वॉशिंग्टनला समोर सरकार होतं, गिरणीवाले होते, कुणाशी भांडायचं ते ठाऊक होतं. इथे जोशींना आपलं जुनं शास्त्र अपुरं पडलेलं दिसेल, आणि त्यांना त्या पोराकडूनच शिकायला बसावं लागेल. त्याचं बिऱ्हाड बीडीडी चाळीतून नव्या मनोऱ्यात गेलं असेल, आणि तिथला मासिक देखभाल खर्च कसा भागवायचा यावर घरात रोज बोलणं होत असेल. जोशींनी त्या घरी राहावं, वहीत आकडे मांडावेत, काही चुकवावेत, पोराच्या आईनं ते दुरुस्त करावेत.

हे लिहायला कादंबरीकारानं आधी त्या पोराबरोबर चार पाळ्या फिरलं पाहिजे. ‘द जंगल’ लिहिण्याआधी सिंक्लेअर शिकागोच्या त्या वस्तीत आठवडेच्या आठवडे राहिला होता.