"तुमच्याकडे काय झालं होतं?"



शिक्षकांच्या या संमेलनाची अध्यक्ष असले तरी भाषाशास्त्र वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मी इस्रायलमध्ये शाळेत इतिहास शिकवणारी बाई, तेव्हा वर्गातलंच बोलते.

होलोकॉस्टचा धडा सुरू झाला की मुलं घरच्या गोष्टी आणतात. कुणाची पणजी पोलंडमधून निसटलेली, कुणाचे आजोबा १९४१च्या बगदादच्या ज्यूविरोधी दंगलीतून वाचलेले. मग एखादं पोर हात वर करतं, "बाई, तुमच्याकडे काय झालं होतं?" मी सांगते, "काही नाही." वर्ग चक्रावतो. काही झालं नाही, तर आलात कशाला?

मला हा प्रश्न फार आवडतो. ज्यू असणं म्हणजे कुणीतरी मागे लागलेलं असणं, हे या मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. आपण बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; तिथे आपल्या मागे कुणी लागलं नव्हतं. आपले लोक घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. गावावरून कुणी केहिमकर झालं, कुणी दिवेकर. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, या कथेला कागदाचा आधार नाही. पण मुलांची सुंता होत होती, बिनखवल्याचा मासा घरात येत नव्हता. शेजाऱ्यांना तेवढी ओळख पुरली. आपण निघालो ते कुणी हाकललं म्हणून नाही. इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय, ही काळजी होती, आणि प्रार्थनेतलं जेरुसलेम आता बोटीनं, विमानानं गाठता येत होतं.

वर्गात मी १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हगादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, दाखवते. तिच्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका पेसाहसाठी मात्झा, म्हणजे बिनखमिराची रोटी, करताना दिसतात. मुलं हसतात, मग वाकून बघत राहतात. शाळांना मात्र आपल्याकडून बहुधा मलिद्याचं ताट हवं असतं. गूळखोबरं घातलेले पोहे कुणाला नकोत? ताट जरूर न्या, पण तेवढ्यावर परत येऊ नका.

कारण पुढचा धडा अवघड आहे. आपल्या ज्यूपणाचा दाखला मागितला गेला तो इथे, इस्रायलमध्ये. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीनं विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्रायल वधूवरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, घटस्फोट रीतसर झाले होते का, मिश्रविवाह होते का ते पाहा. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये संसदेला विषय घ्यावा लागला, आणि सूचनांमधून आपल्या समाजाचं नाव निघालं.

काही पालक म्हणतात, हे मुलांना कशाला? मिटलं ना आता? माझं मत उलट आहे. कोकणात शेजाऱ्यानं न विचारलेला प्रश्न आपल्याच धर्मबांधवांनी विचारला, आणि आपण तो रस्त्यावर बसून परतवला. पोलंड आणि बगदाद शिकणाऱ्या मुलाला हेही पेलतं. उलट वर्गातल्या इथिओपियन घरच्या मुली याच तासाला सर्वांत जास्त बोलतात, कारण त्यांच्या घरीही असंच काही घडलेलं असतं.

तेव्हा या संमेलनानं एक काम हाती घ्यावं. त्या धरण्यात बसलेली काही माणसं अजून आहेत, मुलं म्हणून आईच्या मांडीवर असलेली तर बरीच. त्यांच्याकडे आपले विद्यार्थी पाठवा, बोलणं मराठीत आणि हिब्रूत लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी इथे भाषणं कमी ठेवून त्या वह्या वाचू या.