वऱ्हाडच्या उन्हात गेमिंगचा कॉम्प्युटर

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यातल्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटरचा विषय निघतो. वडील म्हणतात, अभ्यासासाठी. मुलगा मनात म्हणतो, गेमसाठी. मग दोघे मिळून माझ्याकडे येतात, कारण सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून देणं हाच माझा धंदा. मुलाच्या हातात एक यादी असते. ग्राफिक्स कार्ड सर्वांत वर, त्याखाली काचेचं कॅबिनेट, रंगीत दिवे, आणि अगदी तळाला, उरलेल्या पैशात बसेल तो एसएमपीएस. "काका, साठ हजारात बसते ना?"

मी ती यादी खालून वर वाचतो.

एसएमपीएस म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज मशीनला झेपेल अशी करून देणारा डबा. त्यानं गेममधलं चित्र सुंदर होत नाही, म्हणून काटकसर नेमकी त्यातच होते. पण आपल्याकडची वीज कशी आहे, हे तुम्हाला मी काय सांगू! रब्बीत पंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज खाली येतं, आणि गेलेली लाइन परत येताना झटका देत येते. मागे दर्यापूरकडच्या एका गावातून एक मशीन दुरुस्तीला आलं. सोयाबीन विकून घेतलेलं, सहा महिनेही झाले नव्हते. एसएमपीएस बिननावाचा, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. संध्याकाळी लाइन आली आणि तो जळाला, सोबत मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही गेलं. दोन हजार वाचवले होते, तिथं तीस हजारांचा माल गेला. मुलगा खाली पाहत उभा होता. वडिलांनी एवढंच विचारलं, "याच्यातलं काई वाचते का?" रॅम आणि कॅबिनेट वाचलं होतं.

म्हणून पैसे आधी इथं बाजूला काढायचे. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी असलेला घ्यावा. डब्यावरची '८० प्लस' ही खूण विजेच्या बचतीची आहे, टिकाऊपणाची हमी नव्हे. वॅटचा आकडा मात्र उगाच फुगवू नका. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचं, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा. एवढ्याला ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट समजू नका, बहुतेकांत ते ३६० च्या आसपास भरतात. तो गेम पुरा करायला नसतो, मशीन नीट बंद करायला असतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, हे काही नवल नाही. कॅबिनेटचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत फिरवतो. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ७० अंशांवर चालतं, तेच ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जातं. तिथं ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. म्हणजे पैसे मोठ्या कार्डाचे आणि उन्हाळाभर काम लहान कार्डाचं. यासाठी समोरून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. बंद काचेचं कॅबिनेट दुकानातल्या एसीतच शोभतं. घरातल्या कूलरनं खोली थंड होते, ते चांगलंच, पण त्याची ओली हवा थेट मशीनवर नको. आणि जिनिंगच्या आसपास राहत असाल तर जाळीवर बसलेले कापसाचे तंतू महिन्याला झाडावे लागतील.

खरी बचत मॉनिटरमध्ये आहे. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर ८३ लाख. म्हणजे कार्डाला चौपट काम. फुल एचडीवर समाधान मानलं की मधल्या किमतीचं कार्ड पुरतं.

भाव मी सांगत नाही, ते महिन्यात बदलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले, की आदल्या महिन्याचं कोटेशन फाडून टाकावं लागलं. एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना मेमरी चिप लागतात, त्याची झळ थेट आपल्या राजकमल चौकापर्यंत पोचली.

पैसे अगदीच कमी असतील तर कार्ड आत्ता घेऊच नका. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंटसारखा गेम त्यावर व्यवस्थित चालतो. रॅम मात्र १६ ची एक पट्टी न घेता ८ च्या दोन घ्या, अशा ग्राफिक्सला त्याचा चांगलाच फरक पडतो. चांगला एसएमपीएस आधीच बसवलेला असला की पुढच्या वर्षी, कापूस विकल्यावर, कार्ड तेवढं घालायचं.

सेकंडहँड कार्ड मिळतं, पण ते कुठं राबलं ते कळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली होती.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी प्रत्येकाची वेगळी असते. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा. दुपारी दोनला जा, आणि दुकानदाराला एसी बंद करायला सांगा.