शेवटच्या ओळीमागचा माणूस

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री झालेल्या भाषणाचा मजकूर)



कीर्तन करायचा आमचा अधिकार नाही. विणेकरी महाराज म्हणाले, दोन शब्द बोला, म्हणून उभे आहोत. शंभर वर्षांची दिंडी आहे, तिची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही दिंडीची एक चूक सांगणार आहोत. ती ज्याच्यामुळे कळली तो ख्रिस्ती साधू होता, हेही आधीच सांगतो, म्हणजे मध्येच कोणाला उठावे लागणार नाही.

वारीत माणूस माणसे पाहायला शिकतो. मूर्तिजापूर सोडले की अकोला, पातूर करत महिनाभर चालायचे. पुढच्याचे तोंड दिसत नाही, टाचा दिसतात. कोणाची भेग कुठल्या पायाला, कोण डावा पाय ओढतो, कोणाची चप्पल पातूरच्या घाटात तुटणार, सारे आम्हांला पाठ. पंगतीत कोण ठेचा मागून घेतो आणि कोण लाजून अर्धपोटी उठतो, तेही पाठ. पेरणी उलटलेला कास्तकार अभंग म्हणता म्हणता कुठे गप्प होतो, हे शेजारच्या टाळकऱ्याला बरोबर कळते.

एक माणूस मात्र आम्ही पाहत नव्हतो. पताका, टाळकरी, वीणा, तुळशीवाल्या बाया, सगळे पुढे गेले की पन्नास पावले सोडून एक बुढा मागून चालायचा. हाताची बोटे झडलेली, त्यावर फडके. दहा-बारा वर्षे आला. त्याला कोणी ये म्हटले नाही आणि जाही म्हटले नाही. पंगत उठली की त्याच्या ताटलीत वरून वाढायचे. "त्यालेही जेवू घालतो बाप्पा आपण," असे आम्ही गावात येऊन सांगायचो, तेही मोठ्या तोऱ्यात.

आपली रीत काय? माउली भेटली की पायावर डोके. पाटील मजुराच्या पाया पडतो, म्हातारा पोराच्या पडतो. या बुढ्याला आम्ही लांबूनच हात जोडायचो. तोही लांबूनच जोडायचा.

एका वर्षी पातूरच्या पुढच्या मुक्कामाला पायाचे फोड बांधायला आम्ही चौघे सिस्टर लोकांच्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर एक फोटो होता. रुंद काठाची टोपी, चष्मा, चेहरा सुजलेला, एक हात झोळीत अडकवलेला. "सिस्टर, हे कोण हो?" असे विचारले. बाई केरळकडच्या, मराठी मोडके, पण सांगायची हौस मोठी. त्यांनी सांगितले ते आणि पुढे वाचून पक्के केले ते, दोन्ही मिळून सांगतो.

त्यांचे नाव फादर डेमियन. १८४० साली बेल्जियम देशात शेतकऱ्याच्या घरी जन्म. पुढे हवाई बेटांवर गेले. तिथल्या सरकारने १८६५ साली कायदा केला होता की महारोग्याला धरून वेगळे ठेवायचे. मोलोकाई नावाच्या बेटाचा एक तुकडा त्यासाठी काढला. तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा. घरच्यांपासून तोडून माणसे तिथे नेऊन सोडत. १८७३ च्या मे महिन्यात डेमियन तिथे आपणहून राहायला गेले, तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. कोणाला शिवू नका, अशी वरिष्ठांची ताकीद होती. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, मेलेल्यांसाठी पेट्या ठोकल्या, खड्डे खणले. एकाच भांड्यातून त्यांच्याबरोबर जेवले.

आणि प्रवचनाला उभे राहिले की "माझ्या बंधूंनो" न म्हणता "आम्ही महारोगी" म्हणत. अंगावर रोग दिसायच्या कितीतरी आधीपासून!

१८८४ च्या अखेरीस एकदा कढत पाण्यात पाय पडला, कातडी सोलली, पण काही जाणवले नाही. तेव्हा उमगले. १५ एप्रिल १८८९ ला ते तिथेच वारले. मेल्यावर एका पाद्र्यानेच लिहिले की हा माणूस गबाळा, हट्टी होता. असेलही. पेट्या ठोकणाऱ्याच्या कपड्याला भुसा लागणारच.

सिस्टर हे सांगत होत्या आणि बुढा बाहेर लिंबाखाली बसला होता. त्यांनी त्याला आत बोलावले, स्वतः खाली बसल्या आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. बाभळीचा काटा तळव्यात आरपार रुतून भोवती पू झालेला. किती दिवसांपासून आहे, ते त्याला माहीत नव्हते. पायाला समजच नव्हती. महिनाभर आम्ही सगळ्यांच्या टाचा पाहत चालतो. त्याच्या टाचा कोणी पाहणार कसा? त्याच्यामागे कोणीच नव्हते.

मग सिस्टर म्हणाल्या, याचा रोग केव्हाचाच बरा झाला आहे. सरकारी गोळ्या पुऱ्या झाल्या. रोग जातो, गेलेली बोटे येत नाहीत. याच्यापासून कोणाला काही होत नाही.

म्हणजे पन्नास पावले आम्ही कशापासून ठेवली होती?

त्या संध्याकाळी पंगतीत त्याच्यासाठी पान मांडले. दोन घरची माणसे उठून गेली, हेही सांगितले पाहिजे. तो आलाच नाही. "राहू द्या माउली, आता सवय झाली," म्हणाला. आम्ही आग्रह केला, पण एकदाच.

आमच्यातले काही जण म्हणतात, आपले संत कमी पडले काय, की दुसऱ्या धर्माचा साधू इथे आणता? खरे आहे, मोलोकाईला जायची गरज नव्हती. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आपल्या उशाशी आहे. गाडगेबाबा तर मूर्तिजापुराजवळच्या दापुऱ्यात वाढले. पंढरपुरात देवळाबाहेर झाडू मारत राहिले, चोखोबाच्या नावाने धर्मशाळा बांधली. आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो आणि पुढे चालू लागतो. परक्याच्या फोटोपुढे निदान थांबून विचारले तरी, की हे कोण. आणि आपल्या वाटेवर श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेतच. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली येशूचे पुराण छापले, तेही मराठी ओवीत. आपल्या ओवीने त्याला परका म्हटले नाही.

त्यांच्याकडे संत ठरवायची मोठी चौकशी असते. चमत्कारसुद्धा तपासतात. डेमियन ११ ऑक्टोबर २००९ ला रोममध्ये संत ठरले, म्हणजे मेल्यावर एकशेवीस वर्षांनी. आपल्याकडे कमिटी नाही, लोक म्हणाले की झाला संत. दोन्हींत गोची आहेच, पण तो विषय आज नको.

पुढच्या वर्षी बुढा आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही.

या शताब्दीच्या पुस्तकात शंभर वर्षांतल्या सगळ्या वारकऱ्यांची यादी छापायची ठरली. वह्या काढल्या. एक वर्ष येऊन गेलेल्याचेही नाव सापडले. त्याचे नाही. आम्ही त्याला "मागचा बुढा" म्हणायचो, गावही विचारले नव्हते. दवाखान्यात सिस्टरांनी केसपेपरवर नाव लिहिताना त्याने ते सांगितले होते. आम्ही दारातच उभे होतो, ऐकू आले नाही, आणि पुन्हा विचारलेही नाही. पुढे तो दवाखाना तिथून हलला. कोणाला त्याचे गाव, नाव, नातेवाईक ठाऊक असतील तर उद्या काल्याच्या आधी सांगा. यादीत एक ओळ कोरी ठेवायला आम्ही छापखान्याला कळवले आहे.

राम कृष्ण हरी.