घरच्या भट्टीतले पोकळ पफ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाचा सराव नाही; पण गोष्ट स्वयंपाकघरातली आहे, म्हणून धीर केला.

विषय आहे पोकळ, कुरकुरीत पफ घरी कसे भाजावेत. बेकरीत ज्याला क्रीम पफ म्हणतात तो हा. लांबट करून वर चॉकलेट लावले की त्याचेच एक्लेअर होते. पदरांचा व्हेज पफ निराळा. हा आतून अगदी रिकामा असतो. फ्रेंच लोक याला 'शू' म्हणतात. त्यांच्या भाषेत शू म्हणजे कोबी. फुगल्यावर तो कोबीच्या लहानशा गड्ड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

फ्रेंचांचे खाणे छावणीत कशाला, असे कोणी विचारील. तर आपली वस्तीच मुळी लष्करामुळे वसलेली. फौजेच्या छावण्यांबरोबर पाव-बिस्किटांच्या भट्ट्याही आल्या. पुण्याच्या लष्कर भागात १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे पाहुण्यांबरोबर आपल्याकडेही येतात. तेव्हा भट्टीचा पदार्थ आपल्याला परका नाही.

पण खरे कारण दुसरे आहे. आता बऱ्याच घरांत छोटा विजेचा ओव्हन आला आहे. केक जमतो, नानकटाई जमते, आणि पफ मात्र चपटे बसतात. मग घरात म्हणतात, "हिच्या हाताला गुण नाही." त्या एका वाक्याने बाई खचते आणि ओव्हन माळ्यावर जातो. मला आज एवढेच पटवून द्यायचे आहे, की इथे हाताच्या गुणाचा प्रश्न नाही. वाफेचा हिशेब आहे.

हा हिशेब आपल्याला ठाऊकच आहे. मोदकाची उकड कशी काढतो? पाण्याला आधण आणतो, त्यात तूप-मीठ घालतो आणि पीठ एकदम लोटून घोटतो. ज्वारीच्या पिठाची विरी गेली, की आधणाचे पाणी घालून भाकरी थापतो. उकळत्या पाण्याने पीठ शिजते आणि पुष्कळ पाणी धरून ठेवते. पफाचे पीठ म्हणजे मैद्याची उकडच. फक्त तुपाऐवजी लोणी आणि वरून अंडी. हे धरलेले पाणी ओव्हनच्या आचेने वाफ होते आणि फुलक्यासारखे पिठाला फुगवते. तेवढ्यात अंडे आवळून येते आणि बाहेरची भिंत उभी राहते. म्हणून यात सोडा नको, बेकिंग पावडर नको.

आता माप लिहून घ्या. पाणी १२५ मिलिलिटर, बटर ५० ग्रॅम, चाळलेला मैदा ७५ ग्रॅम, अंडी २. बटर खारे असेल तर मीठ घालू नये. एवढ्यात लिंबाएवढे १२ ते १५ पफ होतात. वाटीच्या अंदाजावर जाऊ नका, वजनकाटा वापरा.

बटरचे तुकडे करून पाण्यात घाला. बटर पूर्ण वितळून पाण्याला खळखळून उकळी आली, की मैदा एकदम घाला आणि लाकडी कालथ्याने जोरात घोटा. गोळा सुटून आला तरी थांबू नका. मंद आचेवर आणखी २ मिनिटे परता. पातेल्याच्या बुडाला पातळ पापुद्रा धरला, की उतरवा. या वेळी जास्तीचे पाणी उडून जाते. नंतर ५ मिनिटे निवू द्या, नाहीतर अंडे घालताच ते शिजून गुठळ्या होतील.

अंडी फेटून थोडी थोडी घाला. आपल्याकडे अंडी लहानमोठी मिळतात, म्हणून येथे मापापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवावी. चमचा उचलला असता पीठ त्रिकोणी जिभेसारखे लोंबले पाहिजे. घट्ट राहिले तर तिसऱ्या अंड्यातले चमचाभर घालावे. पळीवाढे झाले तर पफ पसरणार, हे समजावे.

ट्रेवर बटर पेपर घालून दोन-दोन इंचांवर गोळे सोडा. वरचे टोक ओल्या बोटाने दाबा, नाहीतर ते आधी करपते. ओव्हन आधी १५ मिनिटे तापवलेला हवा. २०० अंशांवर साधारण २० ते २५ मिनिटे, पफ चांगले तांबूस होईपर्यंत भाजा. या वेळात दार मुळीच उघडू नका. भिंत ओली असताना गार हवा लागली, की वाफ निवते आणि पफ बसतो. मधेच वीज गेली तरी दार लावलेलेच राहू द्या. माझ्या ओव्हनची मागची बाजू आधी लाल होते, म्हणून मी ट्रे फिरवते. पण रंग पक्का धरल्यावरच.

पुढे आच १७० अंशांवर आणून आणखी १० ते १५ मिनिटे ठेवा. मग प्रत्येक पफाला सुईने भोक पाडा आणि ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवून १० मिनिटे आतच राहू द्या. आतली वाफ भोकातून निघून जाते. पफ हाताला हलका लागला पाहिजे. बहुतेक पफ कच्चेपणामुळे बसतात. सोनेरी रंगावर भुलून घाई करू नये.

रिकामे पफ घट्ट झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस राहतात. पावसाळ्यात मऊ पडले तर ५ मिनिटे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवले, की कुरकुरीत होतात. आत थंड श्रीखंड भरावे, क्रीम भरावे किंवा बटाट्याची कोरडी भाजी भरावी. पण खाण्याच्या आधीच भरावे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. क्रीम किंवा कस्टर्ड भरलेला पफ अशा उन्हात एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. वास येत नाही, चव बदलत नाही, तरी आत जंतूंचे विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. हळदीकुंकवाला आलेली लहान मुले आधी ताटातला गोड पदार्थच उचलतात, हे ध्यानात ठेवावे. ज्या भगिनी ऑर्डरी घेतात त्यांनी पफ आणि सारण वेगवेगळे द्यावे, आणि अन्नपदार्थ विकण्याची सरकारी नोंदणीही करून घ्यावी.

दुसरी गोष्ट अंड्याची. या पदार्थात भिंत उभी राहते ती मुख्यतः अंड्याच्या बळावर; ते वगळून असा पफ होत नाही. आपल्या गल्लीत दिवाळी, ईद आणि नाताळ या तिन्ही सणांची ताटे एकमेकींकडे जातात. कोणाच्या घरी अंडे चालत नाही, कोणाचा उपास असतो. पफ दिसायला साधा, अंड्याचा वासही फारसा लागत नाही. म्हणून ताट देताना "यात अंडे आहे हो" असे आपण होऊन सांगावे. सांगितल्याने ताट परत आले तर त्यात अपमान नाही. न सांगता खाऊ घातले तर शेजार तुटतो.

तेव्हा भगिनींनो, माळ्यावरचा ओव्हन खाली काढा. पफ बसले तर कपाळाला हात लावू नका. आधणाला खळखळून उकळी होती का, पीठ सैल झाले का, दार लवकर उघडले का, असे एकेक विचारत चला. उत्तर सापडते. आणि घरातली सून किंवा मुलगी प्रथमच करीत असेल, तर तिच्या हाताला नावे ठेवू नका. तिच्याशेजारी उभ्या राहून घड्याळ बघा.