गुप्तरोग, लाज आणि आपलीं तरुण मुलें
(पालक व तरुण मंडळी यांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज ज्या विषयावर बोलण्यासाठीं मी उभा आहें, त्याचें नांव घेतांच माणसें खालीं पाहूं लागतात. येथें म्हातारीकोतारीं बसलीं आहेत, लेकीसुना बसल्या आहेत. असल्या गोष्टी चारचौघांत कशाला, असें कोणाच्या मनांत आलें तर मला त्याचें नवल वाटणार नाहीं. परंतु बैलाला लाळ-खुरकूत झाली तर आपण चावडीवर सांगतों, गव्हावर तांबेरा पडला तर शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवतों. आणि पोटच्या पोराला गर्मी किंवा परमा झाला तर पोरही तोंड मिटून बसतें व आईबापही. या मुकेपणावर पोट भरणारे लोक आहेत. त्यांचा धंदा कसा चालतो तें आधीं सांगतों.

गर्मी, म्हणजे उपदंश, हा रोग पूर्वजन्मींच्या पापाचा नव्हे कीं देवीच्या कोपाचा नव्हे. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथांत त्याला फिरंगरोग म्हटलें, कारण तो फिरंग्यांच्या संसर्गानें लागतो असें त्यानें पाहिलें होतें. १९०५ सालीं जर्मनींत शॉडिन व हॉफमन या दोघांनीं त्याचा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं शोधून काढला. परम्याचा जंतु तर त्याच्याही आधीं, १८७९ सालींच, सांपडला होता. एकाच्या अंगांतला जंतु संभोगानें दुसऱ्याच्या अंगांत जातो, एवढीच ही गोष्ट. जंतूला जात कळत नाहीं, घराणें कळत नाहीं, आणि अमका मुलगा शहाणा व अमका उनाड हेंही कळत नाहीं.

आतां गर्मीची एक खोड नीट ध्यानांत घ्या. पहिल्यानें जो चट्टा पडतो तो बहुधा दुखत नाहीं, आणि तीन ते सहा आठवड्यांत, कांहींही औषध न घेतां, आपोआप भरून येतो. जंतु मात्र रक्तांतच राहतो. एस. टी. स्टँडाच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर शर्तिया इलाज' अशी पाटी लावणारा, किंवा रस्त्याकडेला राहुटी ठोकून बरण्या मांडणारा जो कोणी असतो, त्याचें सारें भांडवल ही खोड आहे. पोरगें लाजत लाजत त्याच्याकडे जातें. तो पुड्या देतो, पथ्य सांगतो, हजारों रुपये उकळतो. चट्टा जाणारच होता, तो जातो. पोरगें म्हणतें, वैदू मोठा गुणी! पुढें कांहीं वर्षांनीं तोच रोग काळजावर, मेंदूवर, डोळ्यांवर उठूं शकतो, तेव्हां राहुटी दुसऱ्या गांवाला गेलेली असते. पूर्वीं या रोगावर रसकापूर देत, त्यानें हिरड्या सुजून दांत पडत. १९४३ सालीं अमेरिकेंत पेनिसिलिन लागू पडलें आणि तो काळ संपला. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचें एक इंजेक्शन बहुधा पुरतें. जुना असेल तर आठवड्याला एक याप्रमाणें तीन. ज्यासाठीं पोरगें कर्ज काढतें, तें सरकारी दवाखान्यांत फुकट आहे.

याच भोंदूंची दुसरी कमाई निरोगी मुलांवर चालते. झोपेंत धातु गेली म्हणजे शक्ति गेली, रक्ताच्या चाळीस थेंबांचा धातूचा एक थेंब होतो, ही थाप घरोघर पसरली आहे. वयांत येणाऱ्या मुलाला असें होणें हा रोगच नव्हे. पण त्या भीतीनें मुलगा खंगतो, शाळेंतून मन उडतें, आणि लघवीला जळजळ होऊन पू येऊं लागला, म्हणजे खरा परमा झाला, कीं तोही त्याला धातूचाच विकार वाटतो. खऱ्या-खोट्याची पारख त्याला कोणीं शिकवली? बापानें नाहीं, मास्तरांनीं नाहीं. भिंतीवरच्या पाटीनें शिकवली.

मग घरांत कुणकुण लागते, आणि चार वडीलधारे मिळून तोड काढतात: "पोराचें लगीन लावून टाका, सुधारेल." आयाबहिणींनो, हें वाक्य मला सर्वांत भयंकर वाटतें. पत्रिका काढली जाते, भटजीकडून छत्तीस गुण मोजले जातात, मुलीच्या मंगळाची चौकशी होते. मुलाच्या रक्ताची चौकशी कोणी करीत नाहीं. सून घरांत येते आणि परमा तिच्या अंगांत जातो. पुरुषाला जळजळ होऊन कळतें तरी. बाईला पुष्कळदां कांहींच कळत नाहीं. आंतल्या आंत गर्भनलिका सुजतात, बुजतात. दोन वर्षें मूल होत नाहीं, मग ती वांझ ठरते, माहेरीं पाठविली जाते, आणि ज्यानें तिला रोग दिला तो दुसऱ्यांदा बाशिंग बांधतो! गर्मी असेल तर दिवस राहतात, पण मूल मेलेलें जन्मतें किंवा रोग घेऊनच जन्मतें. दोष कोणाला? पांढऱ्या पायाच्या सुनेला. गरोदरपणांत लवकर रक्त तपासून इंजेक्शन दिलें तर तेंच मूल बहुधा वांचतें, धडधाकट जन्मतें. म्हणून दिवस राहिल्याबरोबर नांव नोंदवा, आणि एच. आय. व्ही. व गर्मी या दोन्हींची तपासणी झाली कीं नाहीं हें तोंडानें विचारा. तिच्याबरोबर नवऱ्याचीही करून घ्या. एकालाच औषध दिलें तर दुसऱ्याकडून रोग परत येतो. गळक्या मोटेनें पाणी काढण्यासारखेंच तें.

बायका किती सोसतात याचा एक पुरावा सांगतों. १९८९ सालीं डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांची पाहणी विलायतेच्या 'लॅन्सेट' पत्रांत छापली. ६५० स्त्रिया तपासल्या. शेंकडा ९२ जणींना स्त्रियांच्या रोगांपैकीं कांहीं ना कांहीं निघालें. ते सगळेच संसर्गाचे रोग नव्हते हें खरें. पण पूर्वीं अशी तपासणी झालेल्या बायका शेंकडा ८ च होत्या. बाकीच्या अंगावरून पांढरें जातें म्हणून गप्प राहिल्या होत्या.

उपाय काय? तरुणांनो, हें तुमच्यासाठीं. १९६८ पासून सरकारचा 'निरोध' मिळतो. दर वेळीं व नीट वापरला तर तो एच. आय. व्ही. व परमा यांपासून चांगला बचाव करतो. चट्ट्याच्या रोगांत कमी, कारण चट्टा झांकला न जाणाऱ्या जागींही असतो. ऊसतोडीला, यंत्रमागावर, गवंडीकामाला, ट्रकवर महिनोन् महिने घराबाहेर राहणाऱ्यांनीं हें विशेष ऐकावें. जिल्हा रुग्णालयांत या रोगांसाठीं 'सुरक्षा क्लिनिक' असतें, आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींशीं बोलण्यासाठीं महाराष्ट्रांत 'मैत्री' नांवाचीं केंद्रें निघालीं आहेत. १०९७ हा फोन फुकट आहे. तुमच्या संमतीशिवाय एच. आय. व्ही. ची तपासणी करतां येत नाहीं व तिचा निकाल गांवभर सांगतां येत नाहीं, असा २०१७ चा कायदाच आहे. एच. आय. व्ही. समूळ जात नाहीं. पण २००४ पासून त्याचीं औषधें सरकार फुकट देतें, आणि तीं रोज घेऊन रक्तांतला विषाणू दबून राहिला तर जोडीदाराला लागण होत नाहीं. मेडिकल दुकानांतून दोन गोळ्या घेऊन परमा दाबूं नका. अर्धवट औषधानें जंतु निर्ढावतो, आणि परम्याचा जंतु तर जगभर निर्ढावत चालला आहे.

मुलींसाठीं आणखी एक. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूनें होतो तो याच वाटेनें येतो. त्यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविलेल्या लसीला २०२२ सालीं परवानगी मिळाली. ती नऊ ते चौदा या वयांत, लग्नाच्या पुष्कळ आधीं, टोंचावी लागते. लसीनें मुलगी बिघडते असें म्हणणाऱ्यानें आपल्याला देवी टोंचल्यावर आपण किती बिघडलों तें सांगावें.

शाळांनीं काय केलें? २००७ सालीं महाराष्ट्रासह कांहीं राज्यांनीं वर्गांतलें लैंगिक शिक्षण बंद पाडलें. संस्कृति बुडते अशी ओरड झाली. ही ओरड जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरें दिलीं, म्हणून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या वेळीं त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें. खटला ते हरले. पण बाबासाहेबांसारख्या माणसाला या कामीं उभें राहण्याची लाज वाटली नाहीं, हें आपल्या घरांतल्या संस्कृतिरक्षकांना सांगावें! मुलांना न शिकविल्यानें तीं अजाण राहत नाहींत. आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. तीं शिकतात, पण घाणेरडें व खोटें शिकतात.

सोयरीक ठरवितांना दोन्हीकडच्यांनीं एवढें करावें: मुलगा व मुलगी या दोघांनीं स्वखुशीनें रक्त तपासून घ्यावें, आणि दोघांनीं एकमेकांना सांगावें. मुलीचीच तपासणी मागणारा व्याही भेटला तर त्याला मांडवांतून परत पाठवा.

माझें बोलणें येथें थांबवितों, कारण प्रश्नांना वेळ हवा. दाराशीं पत्र्याचा डबा ठेवला आहे. चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नांव लिहूं नका. मुलींच्या व बायकांच्या चिठ्ठ्या नर्सबाई पलीकडच्या खोलींत वाचतील. तेथें पुरुषांनीं जाऊं नये, मुलींच्या बापांनींही नाहीं. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं नर्सबाईंच्या कानांत सांगावें. त्या रात्रीं नऊपर्यंत बसणार आहेत.