स्कुटीचा बेल्ट कुरकुरतो, तेव्हा



गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर निघाले होते. मागे जाऊबाई, पायाशी भरलेली पिशवी. निम्म्या घाटात इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागेवर. बेल्ट तुटला होता. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या. घरी आल्यावर ऐकावं लागलं, "पुरे झालं आता गाडी चालवणं!"

खरं सांगते, चूक माझीच होती. महिनाभर डाव्या बाजूच्या झाकणातून फटफट आवाज येत होता. मी म्हणत होते, कांद्याचे पैसे आले की बघू.

म्हणून आज हा बेल्ट समजून घेऊ. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तेव्हापासून बिनगिअरची स्कूटर आपल्याकडे रुळली. पिठाच्या गिरणीत दोन पुल्या आणि मधे पट्टा असतो ना, तसंच इथंही आहे. एक पुली इंजिनाकडे, एक मागच्या चाकाकडे. फरक एवढाच, की ही प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन बशा. त्या जवळ येतात, लांब जातात.

पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. गोफण फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तसे इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर सरकतात. बशा जवळ येतात, पट्टा वर चढतो, गाडी वेग घेते. हाच तिचा गिअर. मागच्या क्लचचंही तसंच. वेग वाढला की त्याचे शू बाहेर फाकून भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरतं.

गिरणीचा पट्टा सैल झाला की आपण मोटर सरकवून ताणतो. स्कुटीत ते काम मागच्या पुलीची स्प्रिंग करते. पण कडा झिजून बेल्ट अरुंद झाला, की तो बदलायचाच.

आता खुणा ऐका. इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, पूर्वीइतका वेग येत नाही, रबर जळाल्याचा वास येतो, झाकणात फटफट होते : बेल्ट तपासा. खडखड आली तर रोलर झिजले असतील. निघताना गाडी थरथरते, झटके देते : क्लचमध्ये धूळ बसली असेल किंवा शू गुळगुळीत झाले असतील. आपल्या शेतरस्त्यांची बारीक धूळ आत जातेच, म्हणून सर्व्हिसिंगला झाकण उघडून साफ करायला सांगा, आणि समोर उभं राहून बेल्ट बघा. भेगा, निघालेले दोरे, तुटलेले दात दिसले तर पुढं ढकलू नका. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच गाड्यांना तो वीस-चोवीस हजारांच्या आसपास येतो. आपण चढ आणि ओझ्यावर चालवतो, म्हणून आधीच बघायचा.

बेल्टला तेल, ग्रीस कधीही लावू नका. तो घसरेल. झाकण उघडं असताना गाडी चालू करू नका. बोट गेलं तर परत येत नाही.

चालवतानाची सवयही महत्त्वाची. चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक धरा. उतारावर इंजिन बंद करू नका. ॲक्सिलरेटर सोडून वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा अटकाव राहत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच हळू उतरा, दोन्ही ब्रेक वापरा. ओढ्याच्या पाण्यातून जाऊन बेल्ट भिजला तर थोडा वेळ घसरतो. सावकाश चालवा, सुकू द्या.

बेल्टला काही शे रुपये लागतात. तो घाटात तुटला, तर मोडते ती आपली मोकळीक. दवाखाना, बाजार, मुलीची शाळा, सगळं पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून.

तेव्हा पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान करा. प्रत्येकीची गाडी, बेल्ट कधी आणि किती किलोमीटरला बदलला. माझं नाव पहिलं लिहिलंय. आणि हो, गाडी मी अजून चालवते.